बालसंगोपन योजना, ठाणे जिल्हा: अर्जापासून खात्यापर्यंत सेवा कशी मिळते

ज्या घरातला मिळवता माणूस गेला, जिथे आई एकटी मुलं सांभाळते किंवा मूल आजी-मामांकडे वाढतंय, अशा घरांसाठी सरकारचा पैसा मुख्यतः दोन नावांनी येतो. एक म्हणजे राज्य सरकारची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, मुलामागे दरमहा २,२५० रुपये. दुसरं म्हणजे केंद्राच्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेतलं प्रायोजकत्व. त्याला सगळे ‘स्पॉन्सरशिप’च म्हणतात. त्यात दरमहा ४,००० रुपये मिळतात, केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४०. दोन्हींचा हेतू एकच: मूल संस्थेत जाऊ नये, आपल्या माणसांत वाढावं.

आमचं मत आधीच सांगतो. ही मदत हक्काची आहे, पात्र असाल तर अर्ज कराच. रक्कम मोठी नसली तरी वह्या, शिकवणी, पास आणि दूध एवढा भार ती उचलते. सेवेचे कमकुवत दुवे तीन आहेत: नेमकं कार्यालय सापडणं, घरभेट आणि पैशांची नियमितता. पहिल्यावर कुटुंबाला स्वतः मात करता येते. बाकीचे दोन सरकारनेच सुधारायला हवेत.

कार्यालयापासून सुरुवात करू, कारण निम्मी धावपळ तिथेच वाया जाते. ‘महिला व बाल’ अशी पाटी असलेली ठिकाणं अनेक आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. जिल्हा परिषदेचा महिला व बालकल्याण विभाग ग्रामीण भागाचं काम बघतो. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांचे विभाग स्वतःच्या अंदाजपत्रकातून योजना चालवतात. शिलाई मशीन, प्रशिक्षण, शिष्यवृत्ती वगैरे. सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात एकात्मिक बाल विकास सेवा योजनेचं आयुक्तालय आहे. ते सगळ्या राज्याच्या अंगणवाड्यांचं मुख्य कार्यालय, तिथे बालसंगोपनाचा अर्ज घेत नाहीत. तुमचं काम आहे जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी यांच्याकडे आणि त्यांच्या अखत्यारीतल्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे. विचारताना ‘बाल संरक्षण कक्ष’ हे पूर्ण नाव घ्या, नाहीतर तुम्हाला हमखास दुसऱ्या दारात पाठवतील.

नवी मुंबईकरांनी आणखी एक गोष्ट तपासावी. दिघा, ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा महापालिकेचा भाग ठाणे जिल्ह्यात, ठाणे तालुक्यात येतो. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हा भाग मात्र रायगड जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात. बोलताना सगळी नवी मुंबईच, पण बेलापूर ओलांडून खारघरला गेलात की तहसील, अर्जावर आदेश देणारी बाल कल्याण समिती आणि बाल संरक्षण कक्ष तिन्ही बदलतात. मूल आज जिथे राहतं तो जिल्हा धरतात. आधार कार्डावर साताऱ्याचा किंवा बुलढाण्याचा पत्ता असेल तर तो आधी बदलून घ्या. भाडेकरार नसलेल्या चाळीत राहणाऱ्यांनी रेशनकार्ड, वीजबिल यांपैकी जे असेल ते जोडावं आणि शाळेच्या बोनाफाइडवर सध्याचा पत्ता घालून मागावा. विनंती केली तर शाळा तो घालून देते.

आता दोन्हींपैकी कोणता अर्ज करायचा? एका मुलाला एका वेळी एकच लाभ मिळतो. स्पॉन्सरशिपची रक्कम जास्त आहे, पण उत्पन्नाची अट कडक: शहरी भागात वर्षाला ९६,००० रुपये, ग्रामीण भागात ७२,०००. ९६,००० म्हणजे महिन्याला ८,०००. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाई खोलीभाडं भरून जगायला याहून जास्त कमावते, कमवावंच लागतं. शहराचा खर्च बघता ही मर्यादा फारच खाली ठेवली आहे आणि तिच्यामुळे खऱ्या गरजू घरांना बाहेर राहावं लागतं, असं आमचं स्पष्ट मत आहे. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर स्पॉन्सरशिप मागा, वर्षाला २१,००० रुपयांचा फरक पडतो. नसेल बसत तर वेळ न घालवता बालसंगोपन. आई किंवा वडील वारलेले, घटस्फोट किंवा परित्यागामुळे एकाच पालकाकडे असलेलं मूल, पालक तुरुंगात, पालकाला एचआयव्ही, कर्करोग, कुष्ठरोग यांसारखा आजार, आणि अनाथ मूल नातेवाइकांकडे: या सगळ्या परिस्थिती बालसंगोपनात धरल्या जातात. वयाची मर्यादा १८.

पालक वारले की सरसकट चार हजार मिळतात, असे संदेश व्हॉट्सॲपवर वारंवार फिरतात आणि झेरॉक्सच्या दुकानांत त्यांच्यासोबतचे अर्ज विकले जातात. विकत घेऊ नका. अर्ज मोफत आहे, मध्यस्थाची गरज नाही आणि वर सांगितलेली उत्पन्नाची अट कुठलाही संदेश बदलू शकत नाही.

कागदपत्रांची यादी लांब नाही: अर्ज, मुलाचं आणि पालकाचं आधार, रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचं चालू वर्षाचं बोनाफाइड, पालकाचा मृत्यूदाखला किंवा परिस्थितीनुसार घटस्फोटाचा आदेश, आजाराचं प्रमाणपत्र, मुलाचं बँक पासबुक, मुलाचा आणि पालकाचा पासपोर्ट फोटो, शिवाय घरासमोर दोघांचा एकत्र फोटो. यातली अडणारी दोनच: मृत्यूदाखला आणि पासबुक.

मृत्यूची नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे मृत्यू झाला तिथे होते. दिव्याच्या माणसाचा मृत्यू सायनला किंवा परळला रुग्णालयात झाला असेल, तर दाखला मुंबई महापालिकेच्या त्या विभाग कार्यालयातून मिळेल. ठाण्यात कितीही खेटे घातले तरी नाही. नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. रुग्णालयातला मृत्यू असेल तर ती रुग्णालय करतं, घरी झाला असेल तर घरच्यांनी करायची. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि महिने जातात. दाखल्यावरचं नाव मुलाच्या बोनाफाइडवरच्या वडिलांच्या नावाशी जुळतं का, ते हातात पडल्याबरोबर बघा. एकीकडे ‘रामचंद्र’, दुसरीकडे ‘राम’ एवढ्यावर फाइल परत येते.

उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून किंवा संकेतस्थळावरून मागता येतो. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली तो ठरलेल्या मुदतीत मिळायला हवा. पोचपावती जपा, मुदत टळली तर त्याच पावतीवर अपील होतं. नवऱ्याच्या नावाचा जुना दाखला चालत नाही. आता घर जी व्यक्ती चालवते, तिच्या नावाचा नवा काढा.

पासबुकाचं प्रकरण जास्त नाजूक. मुलाचं जुनं खातं असेल तर त्यात पालक म्हणून बहुधा वडिलांचंच नाव असतं. वडील वारल्यावर ते बदलून आईचं किंवा कायदेशीर पालकाचं घालावं लागतं, नाहीतर जमा झालेली रक्कम काढता येत नाही. नवं खातं काढताना शून्य शिलकीचंच मागा. किमान शिलकीचा दंड लागला तर अनुदानच कापलं जातं. सगळ्यात महत्त्वाचं, खातं आधारला ‘जोडलेलं’ असणं आणि थेट लाभासाठी ‘सीड’ असणं, म्हणजे सरकारी पैसे याच खात्यात यावेत अशी नोंद असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पैसे आधारवर जातात, आणि आधारशी शेवटचं सीड झालेलं खातं कुठलं असेल त्यात पडतात. शाळेने शिष्यवृत्तीसाठी मधेच दुसऱ्या बँकेत खातं उघडून दिलं असेल तर पैसे तिकडे जातात आणि आई जुन्या पासबुकात बघत बसते. आधारच्या संकेतस्थळावर मुलाच्या आधार क्रमांकाने ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते. मोबाइल आधारशी जोडलेला हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो.

अर्ज दाखल झाला की प्रकरण बाल कल्याण समितीपुढे जातं. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे या समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, महिन्यातून किमान २० दिवस बैठक व्हायला हवी, आणि अंतिम निर्णयाला किमान तीन जण हजर लागतात. ही शेवटची अट लक्षात ठेवा. मूल शाळा बुडवून, आई रोजंदारी बुडवून येते आणि त्या दिवशी दोनच सदस्य असतात. मग पुढची तारीख. शहापूर किंवा मुरबाडहून येणाऱ्यांचा अख्खा दिवस यात जातो. निघण्यापूर्वी बैठकीची जागा, वेळ आणि कोरम, म्हणजे किमान तीन सदस्य, होणार आहे का, हे फोन करून विचारा. मुलाला सोबत न्यावंच लागतं, कारण समिती त्याच्याशी बोलते. त्याला काही शिकवून नेऊ नका. घरी कोण असतं, शाळेत काय आवडतं, त्रास देणारं कोणी आहे का, असे साधे प्रश्न असतात, आणि मूल मोकळं बोललं तर आदेश लवकर होतो.

आदेशाआधी सामाजिक तपासणी अहवाल लागतो. समाजसेविका घरी येऊन बघते त्यावरून तो होतो, या घरभेटीला रोजच्या बोलण्यात ‘गृहचौकशी’ म्हणतात. कायदा म्हणतो ही चौकशी १५ दिवसांत व्हावी आणि मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत अंतिम आदेश निघावा. सेवेचं मोजमाप याच फूटपट्टीने करायला हवं. तुमच्या अर्जाला चार महिने उलटले असतील तर विनवणीची गरज नाही, कलमाचा हवाला देऊन लेखी विचारा: बाल न्याय अधिनियमाचं कलम ३६.

गृहचौकशी रखडते त्याचं मूळ पैशात आहे. बालसंगोपन स्वयंसेवी संस्थांमार्फत राबवलं जातं तिथे संस्थेला मुलामागे महिन्याला २५० रुपये मिळतात. ५० मुलं सांभाळणाऱ्या संस्थेचे महिन्याला १२,५०० झाले. त्यात एका समाजसेविकेचं मानधन, मुंब्र्यापासून मुरबाडपर्यंतचा प्रवास, फोन, झेरॉक्स, सगळं बसवायचं. कामाला प्रामाणिक असलेली संस्थासुद्धा मग वर्षाच्या भेटी कमी करते आणि अहवाल फोनवर भरते. मुलापर्यंत पोचणारा खरा आधार म्हणजे ही घरभेटच: कुणीतरी येऊन बघतं की मूल शाळेत जातंय, घरात मार खात नाहीये, मोठी बहीण शाळा सोडून कामाला लागलेली नाही. अनुदान वाढवताना या २५० रुपयांकडे फार कमी लोक बघतात. ते दुप्पट झाले तरी राज्याच्या अंदाजपत्रकाला जाणवणार नाही, पण भेटींचा दर्जा बदलेल.

कुटुंबाच्या हातात एवढंच असतं की भेट चुकू नये. खोली बदलली तर त्याच आठवड्यात कळवा. दिवसा कामावर असाल तर अर्जावरच संध्याकाळची किंवा रविवारची वेळ लिहा, शेजारच्याचा नंबर द्या. कुलूप बघून परतलेली समाजसेविका पुन्हा कधी येईल हे तिच्याही हातात नसतं.

आदेश मिळाल्यावर पैसे दर महिन्याला येतील असं धरून घरखर्च आखू नका. निधी मंत्रालयातून पुण्याच्या महिला व बाल विकास आयुक्तालयाकडे, तिथून जिल्ह्याकडे येतो. जिल्ह्याने देयक कोषागारात टाकलं की वाटप होतं. यातला एक टप्पा अडला की सगळ्यांचे पैसे थांबतात आणि नंतर काही महिन्यांचे एकदम येतात. शाळेची फी आणि गाडीचा पास महिन्याच्या महिन्याला भरायचा असतो, त्या घराला एकदम आलेले पैसे उपयोगी पडतात, पण तोवर उसने घेतलेले असतात. या योजनेवरचा आमचा सगळ्यात मोठा आक्षेप हाच. सगळ्यांचे थांबलेत की फक्त तुमचे, हे मात्र ओळखायला शिका. शेजारच्या लाभार्थीला आले आणि तुम्हाला नाही, तर कारण बहुधा तीनपैकी एक: सीडिंग बदललं, यंदाचं बोनाफाइड दिलं नाही किंवा लाभाचं नूतनीकरण राहिलं. जून-जुलैमध्ये शाळा सुरू झाली की बोनाफाइड काढून पोच घेऊन जमा करणं ही सवयच लावून घ्या.

याच घरांना लागणाऱ्या आणखी दोन जागा. मूल दिव्यांग असेल तर नवी मुंबई महापालिकेचं वाशीचं ईटीसी केंद्र नक्की बघा. शिक्षण, प्रशिक्षण आणि उपचार एका छताखाली, महापालिकेच्या पैशातून चालणारी अशी सोय इतर शहरांनी उचलावी अशी आहे. आणि मूल संकटात असेल, घरात मारहाण असेल, तर अर्जाची वाट न बघता १०९८. हा क्रमांक दिवसरात्र चालतो.

अनुदान १८व्या वाढदिवसाला थांबतं. बारावीतल्या मुलीचा वाढदिवस नोव्हेंबरात असेल तर फेब्रुवारीच्या परीक्षेआधीच मदत बंद. निदान ते शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत ती चालू ठेवायला हवी, त्यासाठी नियमात एक ओळ पुरे. तोवर कुटुंबाने एक काळजी घ्यावी. १८ पूर्ण होताच अज्ञान खात्याचं सज्ञान खात्यात रूपांतर करावं लागतं. नवी केवायसी आणि मुलाची स्वतःची सही लागते. ते केलं नाही तर बँक व्यवहार थांबवते, आणि मागच्या महिन्यांची थकबाकी नेमकी त्याच वेळी येऊन परत जाते. वाढदिवसाच्या आठवड्यातच बँकेत जा, आणि जुनं खातं बंद करून नवं काढू नका.