‘एनए होणार आहे’ एवढ्या शब्दावर 8,40,000 रुपये गेले

एनए म्हणजे शेतजमीन बिगरशेती होणं. देवगड तालुक्यात समुद्राजवळ 4 गुंठे, गुंठ्याला 2,10,000. टोकन 1,00,000 चेकने, 4,75,000 बँकेतून आणि 2,65,000 रोख. रोखीची पावती नाही. रोख मागितली की तिथूनच मागे फिरा.

लिहायची लाज वाटते. पण मी हावरटपणाने गेलो नव्हतो. मूळ गाव याच जिल्ह्यातलं, निवृत्तीनंतर परतायचं होतं. नोकरी सांभाळून डोंबिवलीहून किती खेपा घालणार?

कळायला हवं होतं ते जागा बघायला गेलो त्याच दिवशी. समोर सुरूची झाडं, त्यामागे लाटा. जाळी सुकत घालणारे एक आजोबा म्हणाले, “हय घर बांधूक कोण देतलो तुमका?” एजंट म्हणाला, “त्यांचा जुना जमिनीचा वाद आहे, लक्ष देऊ नका.” आणि मी गाडीत बसलो! ते वाक्य अजून झोपू देत नाही. विरळ वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र असतं. सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) हा शब्द मला ठाऊक होता, त्या आजोबांना त्याचा अर्थ ठाऊक होता. माझा प्लॉट 90 मीटरवरही नाही.

रंगीत ले-आउटवर रस्ते होते, बाग होती, फक्त मंजुरीचा क्रमांक आणि नगररचनेचा शिक्का नव्हता. सातबाऱ्यावर 11 नावं, साठेखतावर (विक्रीच्या करारावर) सह्या दोघांच्या. तेही नोटरीचं. “तुकडेबंदीमुळे (जमिनीचे छोटे तुकडे विकण्यावरच्या बंदीमुळे) आत्ता रजिस्ट्रेशन होत नाही, एनए झालं की करू,” हे मला पटलं कसं? नोटरीच्या कागदाने जमीन नावावर होत नाही.

पोलीस ठाण्यात तीनदा गेलो. “दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.” माझ्यासारखे बारा जण लुबाडले, तरी दिवाणी? तलाठी म्हणाले तहसीलला जा, तहसीलने नगररचनेकडे पाठवलं, आणि तिथला साहेब मलाच विचारतो, “घेण्याआधी झोन दाखला का नाही काढलात?” जमीन कोणत्या वापरासाठी आहे हे सांगणारा तो दाखला काढायला हवा होता, मान्य. पण रस्त्यावर वर्षभर प्लॉट विक्रीचा फलक उभा आहे, तो एकाही खात्याला दिसला नाही? 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेचे प्लॉट पाडून विकायचे तर महारेराची (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाची) नोंदणी लागते. या फलकावर तो नंबरच नाही. नंबर नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका.

गेल्या रविवारी परत गेलो. फलक तिथेच आहे, आणि पुण्याहून आलेल्या एका जोडप्यापुढे तोच रंगीत कागद पसरलेला होता. मी जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चेकबुक पर्समध्ये ठेवलं.