केबल, छत्री की ॲप? आमच्या हॉलमधला हिशेब

आमच्याकडची केबल बंद करून या गणपतीत तीन वर्षं होतील. घर चिपळूणजवळ, वाडीत. घरात आई, नाना, आम्ही दोघं आणि बारावीतली मुलगी. म्हणजे मालिका, बातम्या, क्रिकेट आणि मोबाइल असे चारही पंथ एका हॉलमध्ये नांदतात. आधी केबल होती, मग आठ महिने नुसतं नेट आणि ॲप, आणि आता स्लॅबवर फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सेवेची, छत्री अधिक एक ॲप. तिन्ही वापरून झालंय म्हणून लिहितोय. कुठलं पॅकेज कितीला पडतं हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक असणार, आणि ते सारखं बदलतं. त्यात मी फार शिरत नाही.

केबलला उगाच नावं ठेवायची नाहीत, म्हणून तिची बाजू आधी सांगतो. आईला पेपर वाचायला चष्मा लागतो, पण रिमोटवरचे आकडे तिला अंधारातही सापडतात. साडेसातची मालिका कुठल्या नंबरवर, आठची कुठल्या, मध्ये जाहिराती लागल्या की तेवढ्यापुरतं बघायचं भजनाचं चॅनेल कुठल्या, सगळं बोटांत बसलेलं. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी, सोनी मराठी एका रिमोटवर आणि एकाच रिचार्जमध्ये. हे सुख दुसऱ्या दोन्हीत नाही. शिवाय केबलवाल्याचं गावचं चॅनेल. शिमग्याला पालखी कुठवर आली, कुठल्या मंडळाची आरती चालू आहे, पावसात वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं, हे घरबसल्या दिसायचं. आता त्यातलं बरंचसं यूट्यूबवर येतं, पण नानांना ते कुणीतरी लावून द्यावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर २०१९ च्या फेब्रुवारीत ट्रायचे, म्हणजे फोन आणि टीव्हीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेचे, नवे नियम लागू झाले तेव्हा वाटलं होतं की आता बघू तेवढ्याचेच पैसे. केबलवाल्याने छापील यादी आणून दिली, आम्ही सगळ्यांनी मिळून दहावीच्या फॉर्मसारख्या खुणा केल्या. तेव्हाच्या नियमाने शंभर फुकट चॅनेलचे १३० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हे नुसतं दार उघडायचं भाडं. पैसे भरायची मराठी चॅनेल, एक क्रीडा चॅनेल असं घेत गेलो तर बिल आधीच्यापेक्षा वाढलंच. तरीही आम्ही त्यानंतर काही वर्षं केबल ठेवली, तेव्हा पैशांसाठी काढली असं म्हणता येणार नाही.

काढली ती एका वेगळ्याच कारणाने. तुम्हाला कदाचित क्षुल्लक वाटेल.

आमचा बॉक्स चालू केला की आधी कंपनीचं चिन्ह, आणि मग थेट एक बातम्यांचं चॅनेल. काल रात्री आपण काय बघत होतो याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. कधीही लावा, तेच. आवाज बॉक्सच्या मर्जीचा, म्हणजे चढा. आणि पहिले काही सेकंद रिमोट दाबला तरी बॉक्स ऐकत नाही, त्यामुळे चार माणसं एकमेकांवर खेकसतायत ती बघायचीच. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट दिवसातून चार-पाचदा जाते. प्रत्येक वेळी आल्यावर बॉक्स नव्याने उठणार आणि नव्याने किंचाळणार. आईने तर सवयच लावून घेतली होती: बॉक्सचं बटण दाबायचं आणि स्वयंपाकघरात जाऊन यायचं.

एकदा जूनमध्ये रात्री अकराला बातम्या बघता बघता लाइट गेली. सगळे तसेच झोपले, बटण बंद करायचं राहिलं. पावणेतीनला लाइट आली. आमचा जुना टीव्ही लाइट आली की आपसूक चालू होतो, बॉक्सही उठला, आणि हॉलमध्ये पूर्ण आवाजात चर्चा सुरू झाली. नाना हॉलमध्येच झोपतात. ते दचकून उठले आणि अंधारातच ओरडले, "कोण भांडतंय रे दारात?" मी जाऊन बटण बंद करेपर्यंत शेजारच्यांच्या पडवीतला दिवा लागला होता.

सकाळी केबलवाल्या पोराला फोन केला. तो बिचारा म्हणाला, "दादा, ते वरूनच येतं. आमच्या हातात नाय काय."

खरंच त्याच्या हातात नव्हतं. याला धंद्यात लँडिंग चॅनेल म्हणतात. बॉक्स उघडल्यावर पहिलं आपलंच चॅनेल दिसावं म्हणून चॅनेलवाले केबल कंपन्यांना पैसे मोजायचे, कारण तेवढे सेकंदही तेव्हा टीआरपीत धरले जाऊ शकत होते. ट्रायने डिसेंबर २०१८ मध्ये टीआरपी मोजली जाणारी चॅनेल अशी पहिल्या जागेवर बसवू नका म्हणून सांगितलं होतं. मे २०१९ मध्ये टीडीसॅटने, म्हणजे असे वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो आदेश रद्द केला. म्हणजे महिन्याला पैसे मी भरणार, आणि माझ्या हॉलमध्ये पहिलं कोणी बोलायचं ते विकणार दुसराच. हे कळल्यावर माझं केबलवरून मन उडालं ते उडालंच. तुमचा बॉक्स असं करत नसेल किंवा तुम्हाला त्याचं काही वाटत नसेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल.

पहिल्या रागात मी सरळ ॲपकडे गेलो. फायबरचं कनेक्शन, टीव्हीवर ॲप चालवायची स्टिक, दोन ॲपचे वर्षाचे पैसे. मुलगी खूश, बायको खूश. आई दुपारी भाजी निवडताना आदल्या रात्रीचा भाग बघायला लागली, आणि पैसे भरले की पुढचा भाग टीव्हीच्या आधी दिसतो हे कळल्यावर भिशीच्या मैत्रिणींना कथानक आधीच सांगून टाकायला लागली. चित्र स्वच्छ, जाहिराती कमी. वाटलं, जमलं.

मग एका संध्याकाळी मी परशुराम घाटात वाहनांच्या रांगेत अडकलो असताना आईचा फोन. टीव्हीवर आकडे मागतोय. ॲपने परत लॉगिन करायला लावलं होतं आणि ओटीपी माझ्या मोबाइलवर आला होता. मी आकडे सांगतोय, ती लिहून घेतेय, मग बाण दाबत दाबत एकेक आकडा भरतेय. तोवर ओटीपीची मुदत संपली. दुसरा मागवायला कुठलं बटण, ते फोनवर मला सांगता येईना. तिने शेवटी टीव्ही बंद केला आणि जप करत बसली. मी घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुझ्याशिवाय टीव्हीसुद्धा लागत नाही आता." त्यात कौतुक नव्हतं.

शिवाय चार चॅनेल म्हणजे चार दारं. झी मराठीसाठी झी फाइव्ह, सोनी मराठीसाठी सोनी लिव्ह, स्टार प्रवाहसाठी हॉटस्टार, कलर्स मराठीसाठी जिओसिनेमा. फेब्रुवारी २०२५ मध्ये शेवटची दोन एक होऊन जिओहॉटस्टार झालं, तेवढंच एक दार कमी. क्रिकेटचं सांगायला नको: विकेट आधी शेजारच्या घरात पडते, मग आपल्याकडे. महामार्गाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की दोन दोन दिवस घरात शांतता. आणि गंमत म्हणजे ज्यासाठी केबल सोडली ते इथेही थोडं आहेच. स्टिक चालू केली की वर कुठल्यातरी सिनेमाची जाहिरात आपोआप हलायला लागते. सेटिंगमध्ये जाऊन ते बरंचसं बंद करता येतं, हा फरक मान्य करायला हवा.

छत्रीचा विचार आला तो नानांकडून. त्यांच्या डोक्यात अजून कौलांवरची जुनी ॲल्युमिनियमची अँटेना होती, एकाने वर चढून फिरवायची आणि दुसऱ्याने खालून "आलं, आलं, गेलं" ओरडायचं. ती अँटेना आता बहुतेक इतिहासजमा झाली. मुंबई आणि औरंगाबादेत २०१६ मध्ये हवेतून डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो आणि दिसतं ते दूरदर्शनच. कोकणातल्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

फ्री डिश वेगळी. ही दूरदर्शनचीच सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने ३३ चॅनेल घेऊन सुरू झालेली. कार्ड नाही, नोंदणी नाही, रिचार्ज नाही. मला बॉक्स, छत्री, वायर आणि बसवणावळ मिळून १,८०० रुपयांच्या आत पडलं, आणि त्यानंतर आजपर्यंत एक रुपया गेलेला नाही. दुकानात बॉक्स घेताना एमपीईजी-४ चा, म्हणजे नव्या पद्धतीचा, आहे का तेवढं विचारा. जुन्या एमपीईजी-२ च्या बॉक्सवर काही चॅनेल लागतच नाहीत.

बसवायला आलेल्या माणसाने आधी घर बघितलंच नाही, झाडं बघितली. उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेला ९३.५ अंशांवर, आपल्या इथून छत्रीचं तोंड आग्नेयेला येतं. आमच्या आग्नेयेला फणस. गच्चीवर जिथे आम्ही जागा ठरवली होती तिथे सिग्नलची पट्टी हलेना. मग छत्री न्हाणीघराच्या स्लॅबवर गेली, चार बोटं इकडे, दोन बोटं तिकडे, आणि पट्टी एकदम चढली. आईने तिथे पापड वाळत घालायची जागा गेली म्हणून आठवडाभर कुरकुर केली.

हिच्या खोडीही सांगतो. पाऊस आडवा कोसळायला लागला की चित्राचे चौकोन होतात आणि मग पडदा रिकामा. मी काही मोजून ठेवलेलं नाही, पण आमच्याकडच्या पावसातही हे सहसा दहा-पंधरा मिनिटांत निवळतं. केबल गेली की ती पोरगं येऊन खांबावर चढेपर्यंत गेलेलीच असायची. दुसरी खोड एप्रिलची. खासगी चॅनेल इथे लिलावात जागा घेतात, त्यामुळे १ एप्रिलला काही चॅनेल जातात, काही येतात. २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी झी अनमोल, स्टार उत्सव, कलर्स रिश्ते, सोनी पल अशी चारही एकदम काढून घेतली होती. नंबर बदलतात, बॉक्स पुन्हा स्कॅन करावा लागतो, आणि आईचे बोटांतले आकडे वाया जातात. वर्षातून एकदा मी नवीन आकडे कागदावर लिहून टीव्हीच्या बाजूला चिकटवतो. आणि तिसरी, सगळ्यात मोठी: झी मराठी आणि स्टार प्रवाह इथे नाहीत. सह्याद्री आहे, आणखी काही मराठी चॅनेल असतात, सिनेमे भरपूर, आकाशवाणीही लागते. पण साडेसातची मालिका नाही. म्हणून एक ॲप ठेवलंय, आईच्या दोन मालिका ज्यावर येतात ते, आणि त्याचा नंबर आता आईच्याच मोबाइलचा दिलाय. ओटीपी तिच्याकडेच येतो. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

आता छत्रीच्या बाजूने दोन गोष्टी, ज्या मला बसवल्यावर कळल्या. एक, लाइट. केबलच्या वेळी आमच्याकडे लाइट असली तरी टीव्ही जायचा, कारण केबलचं मशीन खालच्या वाडीत कुणाच्या तरी घरून लाइट घेतं; तिथली गेली की आमची केबल गेली. छत्रीला फक्त आपल्या घरची लाइट लागते. दोन, क्रिकेट. भारताच्या वनडे आणि टी-ट्वेंटी सामन्यांचं प्रक्षेपण २००७ च्या कायद्याने दूरदर्शनला द्यावं लागतं, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ते दूरदर्शनने आपल्या हवेतल्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं. म्हणजे पैसे भरून केबलवर दूरदर्शन लावलं तर तो सामना नाही, आणि फुकटच्या छत्रीवर आहे. शिवाय ॲपपेक्षा लवकर. परवा विकेट पडली तेव्हा पहिले ओरडलो ते आम्ही. आयपीएल मात्र आम्ही ॲपवरच बघतो.

पैसे भरायची डीटीएच, म्हणजे खासगी कंपनीची छत्री, का नाही घेतली, असं मेहुण्याने विचारलं. चांगली आहे की. मालिका, क्रिकेट, सगळं. पण पाऊस आला की तीही जाते आणि महिन्याचं रिचार्ज तसंच, मग नुसता केबलवाला बदलल्यासारखंच झालं. ज्यांच्याकडे केबल पोचतच नाही त्यांनी जरूर घ्यावी.

तर कुणाला काय? घरात एकटं म्हातारं माणूस असेल, संध्याकाळच्या तीन मालिका ठरलेल्या असतील आणि मोबाइलला हात लावायचा नसेल, तर केबल राहू द्या, माझं ऐकू नका. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि आग्नेयेला दुसरी इमारत असेल, तर छत्रीचा नाद सोडा, ॲपच बरं. पण स्वतःचं घर, वर थोडं आकाश आणि घरात सगळ्या वयाची माणसं असतील, तर छत्री आणि एक ॲप यात मला तरी आजवर पश्चात्ताप झालेला नाही. आमचा फ्री डिशचा बॉक्स आदल्या रात्री जिथे बंद केला तिथेच उघडतो. परवा पहाटे चारला लाइट आली तेव्हा टीव्ही चालू झालाच, पण आईने झोपताना लावलेलं भजन चालू होतं, तेही हळू आवाजात. नाना उठलेच नाहीत.

एक व्यवहाराची गोष्ट. केबल बंद करायच्या आधी बॉक्सच्या अनामतीची पावती शोधून ठेवा. माझी सापडली नाही, आणि बॉक्स न्यायला येतो म्हणालेला पोरगा अजून यायचाय. तो बॉक्स माळ्यावर आहे, रिमोटसकट.