चाळीस प्याल्यांचा ट्रे: प्रभुभोजनाचा स्टीलचा संच घ्यावा का?

विदर्भातल्या खेड्यापाड्यांच्या बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस घ्यायचा विधी. जुने जर्मनचे (ॲल्युमिनियमचे) ट्रे काळे पडले की पंचांची नजर स्टीलच्या संचाकडे वळते. संचात साधारण एवढं येतं: चाळीस भोकांचे दोन गोल ट्रे, खालची बैठक, क्रूसाची मूठ असलेलं झाकण, भाकरीची थाळी आणि काचेचे चाळीस प्याले. घेण्यासारखा आहे. फक्त एक लक्षात ठेवा, हा घाट बाकांच्या चर्चसाठी घडवलेला आहे आणि आपली अर्धी मंडळी सतरंजीवर बसते.

बाकाच्या पाठीला रिकामा प्याला ठेवायची भोकाची पट्टी असते. सतरंजीवर प्याला मांडीशेजारी ठेवला जातो, मागचं लेकरू उठतं, प्याला लवंडतो आणि तळाशी राहिलेला रस सतरंजीत मुरतो. पुढच्या रविवारपर्यंत तिथे मुंग्यांची रांग. म्हणून दुसरा ट्रे भरायचाच नाही. एका सेवकाने भरलेला ट्रे न्यावा, दुसऱ्याने रिकामा ट्रे घेऊन दोन ओळी मागून चालावं आणि प्याले भोकांत परत घ्यावेत. दुकानदार आणखी चाळीस प्याले गळ्यात मारायला बघतो. प्रभुभोजन घेणारे चाळीसच्या आत असतील तर गरज नाही. जास्त असतील तर प्याल्यांसोबत तिसरा ट्रेही घ्या.

ट्रे हातोहात फिरवायला देऊ नका. काचेच्या प्याल्यांसकट भरलेला ट्रे दोन किलोच्या आसपास जातो, त्याला कान नाहीत आणि गुळगुळीत काठ घामेजल्या हातातून सटकतो. बसलेल्या म्हातारीने तो शेजारणीकडे वळवायचा म्हणजे निम्मे प्याले डुचमळणार. सेवकानेच वाकून समोर धरावा.

प्याला काठोकाठ भरला तर १२ ते १५ मिली मावतात. भरायचे ८ मिली, म्हणजे चहाचा दीड चमचा. चाळीस प्याल्यांना ३२० मिली लागतात, सांडलवंड धरून ४०० काढून ठेवा. किटलीने भरू नका, धार जाड पडते आणि भोकांच्या मधल्या पत्र्यावर ओघळ येतात. सॉसची पिळायची बाटली नवी घेऊन त्याच कामाला ठेवली की काम झटपट होतं. ट्रेवर ट्रे रचायचे असतील तर आधी रिकामे रचून बघा. वरच्या ट्रेचा तळ खालच्या प्याल्यांना टेकत असेल तर काठाचे टवके उडतात.

आता रस. बाटलीतला तयार रस तालुक्याला मिळेलच असं नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी मनुक्यांचा करतात. पाव किलो काळे मनुके कोमट पाण्यात दोनदा धुवा, एक लिटर पाण्यात भिजवा, त्याच पाण्यात वीस मिनिटं उकळा, कुस्करा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. साखर नको. हिवाळ्यात रात्रभर भिजवले तरी चालतं. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मात्र चार तासांच्या वर नको, कारण मनुक्यांच्या सालीवरच खमिराचे जंतू असतात आणि त्या उकाड्यात पाणी सकाळपर्यंत फसफसतं. उकळल्याने ते मरतात. १८६९ मध्ये अमेरिकेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने द्राक्षरसाच्या बंद बाटल्या उकळत्या पाण्यात ठेवून न आंबणारा रस केला, तो याच तत्त्वावर आणि प्रभुभोजनासाठीच. फ्रिज नसेल किंवा लाइनीचा भरवसा नसेल तर रस शनिवारी रात्री उकळून झाकून ठेवा आणि सकाळी पुन्हा एक उकळी द्या. गरम रस काचेत ओतायचा नाही, प्याला तडकतो.

जर्मनचा ट्रे स्वस्त पडतो, पण रस आंबट. सांडला आणि तसाच राहिला की पत्रा काळवंडतो, मग खड्डे पडतात. स्टीलला तो त्रास नाही. प्लॅस्टिकचे प्याले हलके आणि फुटत नाहीत, पण कूलरच्या झोतात रिकामे झाले की उडतात आणि वर्षभरात धुरकट होतात. काचच बरी. काचेची कटकट एकच: बोअरच्या पाण्याने आत पांढरा थर धरतो आणि प्याल्यात बोट जात नाही. त्याच दिवशी बाळाच्या बाटलीच्या ब्रशने धुवायचे, अधूनमधून लिंबाच्या पाण्यात तासभर बुडवायचे, मग फडक्यावर पालथे घालायचे.

भाकरीची थाळी या संचातली सगळ्यात कच्ची वस्तू. फार उथळ; पंख्याखाली तुकडे घसरतात. खोलगट स्टीलची ताटली त्यापेक्षा बरी. पावाचे तुकडे उन्हाळ्यात कडक होऊन चुरा पडतो, त्यापेक्षा कणकेची बेखमीर पोळी जाडसर लाटा, काट्याने टोचा म्हणजे फुगणार नाही, मंद आचेवर भाजा आणि पूर्ण गार झाल्यावर कापा. गरमच डब्यात कोंबली तर घाम सुटून चिकट होते.

प्रत्येकाला वेगळा छोटा प्याला की सगळ्यांनी एकाच प्याल्यातून प्यायचं, हा वाद दुकानात सुटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, मेथडिस्ट, बाप्तिस्त अशा वेगवेगळ्या चालीरीती एका छताखाली आल्या. एकाच प्याल्याची रीत असलेल्या मंडळीने हा संच घेण्याआधी पाळकांशी (मंडळीच्या धर्मगुरूंशी) बोलावं. उरलेल्या रसाचंही तेच. तो मोरीत ओतायचा नसतो. कुठे सेवक पिऊन टाकतात, कुठे झाडाच्या मुळाशी ओततात. आपल्याकडची पद्धत विचारून घ्या.

घेताना प्रत्येक भोकाच्या कडेवरून बोट फिरवा. धार लागली तर ट्रे परत द्या, नाहीतर पुसताना फडकं अडकतं आणि कधी बोटही कापतं. झाकणाच्या मुठीचा स्क्रू हलतो का बघा. आणि डझनभर सुटे प्याले तिथेच, त्याच ट्रेच्या भोकात घालून पाहून घ्या. नंतर दुसऱ्या दुकानातून आणलेले एक तर अडकतात, नाहीतर सरळ खाली जातात.