वापरकर्त्यांच्या फाइल्ससाठी सबव्हर्जन: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वापरकर्त्यांनी अपलोड केलेल्या फाइलची जुनी आवृत्ती हवी तेव्हा परत मिळावी, यासाठी आमच्या प्रणालीत गेले काही महिने सबव्हर्जन ही फाइलींच्या सर्व आवृत्त्या जपणारी प्रणाली वापरात आहे. निवडीच्या वेळी बहुतेकांचा कौल गिट या तशाच दुसऱ्या प्रणालीकडे होता आणि ते स्वाभाविकही होते, कारण कोडसाठी सगळे तेच वापरतात. मात्र गिट २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स कर्नलच्या कोडसाठी लिहिले आणि त्याची घडण त्याच कामाला साजेशी आहे. चाचणीत दोघांनी एकाच क्षणी फाइल चढवली, की सर्व्हरवरच्या एकाच वर्किंग कॉपीत (काम चालणाऱ्या फाइलींच्या प्रतीत) ‘इंडेक्स.लॉक’ ही कुलूपासारखी फाइल आधीच अस्तित्वात असल्याचे सांगून दुसरी कमिट, म्हणजे बदलाची नोंद, अडत असे. विनंत्यांची रांग लावून यातून मार्ग निघतो, पण ती रांग सांभाळणे आपल्याच गळ्यात पडते. मोठ्या फाइलींसाठीची गिट एलएफएस ही जोड वापरल्यास रिपॉझिटरीत, म्हणजे आवृत्त्यांच्या मुख्य साठ्यात, केवळ हॅश (मजकुरावरून काढलेला ओळख-अंक) आणि आकार सांगणारी छोटी पॉइंटर फाइल राहते व खरा ऐवज वेगळ्या साठ्यात जातो. म्हणजे बॅकअप दोन ठिकाणांचा घ्यावा लागतो.

सबव्हर्जनमध्ये सर्वाधिक उपयोग झाला तो ‘एसव्हीएनएमयूसीसी’ या काहीशा दुर्लक्षित साधनाचा. चेकआउट न करता, म्हणजे आधी वर्किंग कॉपी उतरवून न घेता, त्याचा ‘पुट’ आदेश फाइल थेट रिपॉझिटरीच्या पत्त्यावर ठेवतो. नेहमीच्या वर्किंग कॉपीत प्रत्येक फाइलची मूळ प्रत ‘.एसव्हीएन’ फोल्डरमध्येही राहते आणि डिस्क जवळपास दुप्पट लागते. तो खर्च यामुळे टळला. एकच अर्ज अनेकांनी चढवला तरी त्याचा मजकूर एकदाच साठवला जातो, हेही सोयीचे आहे. आवृत्त्यांमधला केवळ फरक साठवण्याच्या पद्धतीकडून मात्र फार अपेक्षा ठेवू नये. वर्डची डॉक्स फाइल मुळात झिप, म्हणजे संकुचित केलेली, असते. तिच्यात एक शब्द बदलला तरी संकुचित बाइट्सचा मोठा भाग बदलतो आणि नवी आवृत्ती अनेकदा जवळपास पूर्ण आकाराची जागा घेते. जेपेग आणि व्हिडिओंची गत वेगळी नाही.

खरी तक्रार आहे ती कायमचे पुसण्याबाबत. ‘एसव्हीएन डिलीट’ने फाइल ताज्या रिव्हिजनमधून (आवृत्तीतून) जाते, इतिहासातून नाही. ती तिथूनही काढायची, तर संपूर्ण रिपॉझिटरीचा डंप (एका फाइलीत उतरवलेली प्रत) घ्यायचा, तो ‘एसव्हीएनडंपफिल्टर’मधून गाळायचा आणि नव्या रिपॉझिटरीत भरायचा, त्यातच ती फाइल इतिहासात कुठे कॉपी झालेली असली तर गाळणी मध्येच थांबते. गिटमध्येही इतिहास नव्याने लिहावा लागतो आणि त्यापुढच्या सर्व कमिटचे हॅश बदलतात. याउलट, आवृत्त्या ठेवणाऱ्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (प्रत्येक फाइल स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवणाऱ्या साठ्यात) नेमकी नको असलेली आवृत्ती तिच्या क्रमांकाने काढून टाकता येते.

म्हणून वापरकर्त्याच्या मागणीवरून माहिती पुसणे जिथे बंधनकारक आहे, तिथे मी सबव्हर्जन किंवा गिट यांपैकी काहीच सुचवणार नाही. आमच्याकडे सबव्हर्जन मसुदे आणि अहवालांपुरतेच आहे; ओळखपत्रांच्या प्रती ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये जातात आणि त्यांची नोंद डेटाबेसमध्ये राहते.