घराचे वायरिंग: काम नेटके, पण हिरवी वायर बारीक

जुन्या घराचे वायरिंग पूर्ण बदलून घेतल्याला आता सहा महिने झाले. कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही, कारण ज्या चुकीबद्दल लिहीत आहे ती त्याने पुढे स्वखर्चाने दुरुस्त करून दिली. त्याच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ आहे. पाइप सरळ रेषेत बसवले आहेत, डीबीमध्ये (म्हणजे सर्व सर्किटे जिथून फुटतात त्या पेटीत) प्रत्येक एमसीबीखाली (करंट प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) सर्किटच्या नावाची चिठ्ठी आहे, आणि पाइपाच्या पोटात टेप गुंडाळून दडवलेला एकही जॉइंट मला सापडला नाही.

तक्रार आहे ती अर्थिंगच्या, म्हणजे हिरव्या वायरीची. गिझरचे सॉकेट किंचित तिरके बसल्यामुळे मेन स्विच बंद करून ते उघडले, तेव्हा फेज आणि न्यूट्रलच्या 4 स्क्वेअर एमएमच्या जाडजूड वायरींशेजारी हिरवी वायर अगदीच किरकोळ दिसली. तिचे टोक सोलून बारीक तारा एकेक करून मोजल्या, तर त्या भरल्या 14. अशी प्रत्येक तार 0.3 मिलिमीटर व्यासाची धरली, तर ती वायर जेमतेम 1 स्क्वेअर एमएमची ठरते. याच जातीच्या 4 च्या वायरीत 56 तारा असतात.

विचारल्यावर वायरमनचे उत्तर तयार होते: "अर्थिंगमधून एरवी करंट जातच नाही, मग जाड वायर घालून काय उपयोग?" यातला पूर्वार्ध खरा आहे, पण अर्थिंगची वायर त्या 'एरवी'साठी घातलेली नसते. गिझरच्या आत फेज सुटून धातूच्या अंगाला टेकली, की शेकडो अँपिअरचा करंट क्षणभर याच वायरीतून परततो. त्या क्षणी वायर वितळता कामा नये आणि एमसीबी ताबडतोब पडला पाहिजे, म्हणून तिची जाडी या दोषाच्या करंटवरून ठरते.

आमच्या गिझरपर्यंतचे अंतर सुमारे 20 मीटर आहे. तेवढ्या लांबीत 4 च्या तांब्याच्या वायरीचा रोध साधारण 0.1 ओहम, तर 1 च्या वायरीचा 0.4 ओहमच्या आसपास भरतो. बाहेरच्या पुरवठ्याचा रोध बाजूला ठेवला, तर 230 व्होल्टला फेजचे 0.1 आणि अर्थचे 0.4 मिळून होणाऱ्या या 0.5 ओहमच्या वाटेने 460 अँपिअर वाहतील. एमसीबीला 0.1 सेकंद लागला असे धरून करंटच्या वर्गाला वेळेने गुणले, त्याचे वर्गमूळ काढले आणि त्याला 115 ने भागले (पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर इतर वायरींसोबत एकाच पाइपातून जात असेल, तर हाच गुणांक घेतात), की वायरीला लागणाऱ्या किमान आकाराचे उत्तर 1.27 स्क्वेअर एमएमच्या जवळ येते. चांगला एमसीबी याहून लवकर पडतो हे मान्य. तरीही 1 ची वायर हिशेबात कमीच पडते.

मला त्याहून जास्त खटकला तो स्पर्शाचा धोका. एमसीबी पडेपर्यंत गिझरच्या अंगावर किती व्होल्ट चढतात, हे फेज आणि अर्थ यांच्या रोधाच्या वाटणीवर अवलंबून असते. दोन्ही वायरी सारख्या असतील तर ती वाटणी निम्मी-निम्मी होते, म्हणजे साधारण 115 व्होल्ट. अर्थ वायरीचा रोध चौपट असेल तर गिझरच्या अंगावर 184 व्होल्टपर्यंत येतात. "आरसीसीबी आहे ना," असेही उत्तर मिळाले. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच, आणि जिथे अर्थिंग फक्त जमिनीतल्या रॉडवर अवलंबून असते तिथे तर त्याशिवाय भागतच नाही. पण तो कधी अडकून बसला, तर उरलेला सगळा भार या बारीक वायरीवरच येतो.

आकडेमोड टाळायची असेल तर आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेचा सरळ नियम पुरेसा आहे: फेज 16 स्क्वेअर एमएमपर्यंत असेल तर अर्थ त्याच आकाराचा, 16 ते 35 मध्ये अर्थ 16 चा, आणि त्यापुढे फेजच्या निम्मा. घरातली जवळजवळ सगळी सर्किटे पहिल्याच टप्प्यात बसतात; दिव्यांना दीडची, सॉकेटांना अडीचची आणि गिझरला चारची वायर असेल तर अर्थही तसाच. आमच्याकडे एसीची अर्थ वायर बाहेरच्या भिंतीवरून पाइपाशिवाय वेगळी नेली होती. तिथे फेज कितीचाही असो, तांब्याची 4 च्या खालची वायर चालत नाही. ती अडीचची निघाली.

दोन दिवसांत कंत्राटदाराने सर्व अर्थ वायरी बदलून दिल्या. जुन्या वायरीला नवी बांधून ओढल्यामुळे भिंत कुठेही फोडावी लागली नाही, आणि हे काम त्याच्या माणसांनी पहिल्या वेळेपेक्षाही काळजीपूर्वक केले. पाचपैकी तीन तारे देत आहे. पहिल्याच वेळी हे झाले असते तर साडेचार दिले असते. पुढच्या वेळी मात्र कोटेशनमध्ये नुसते 'अर्थिंगसह' लिहिलेले स्वीकारणार नाही. प्रत्येक सर्किटसमोर फेज आणि अर्थ यांचे आकार वेगवेगळे लिहून घेईन.