वनाझ ते रामवाडी: आठ महिने मेट्रोने

पुण्यात घर वनाझजवळ, ऑफिस विमाननगरला. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत रोज कार काढायचो आणि नळस्टॉप येईपर्यंतच डोकं तापायचं. आता त्याच नळस्टॉपवरून तिसऱ्या मजल्याने जातो: खाली रस्ता, त्यावर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. खालची रांग बघताना थोडा दुष्ट आनंद होतो, खोटं कशाला बोलू.

१६ स्थानकं, साधारण ४० मिनिटं. कारने कधी ५० मिनिटं लागायची, कधी सव्वा तास. वेळ वाचला त्यापेक्षा हे ‘कधी’ गेलं, याचं मला जास्त अप्रूप. पूर्ण मेट्रोचं कमाल भाडं ३५ रुपये. तेवढ्या पेट्रोलमध्ये माझी गाडी फार तर डेक्कन गाठायची.

सप्टेंबर २०२४ मध्ये मेट्रोचा दुसरा मार्ग स्वारगेटपर्यंत गेला, त्यामुळे आता मंडईसाठीही कार लागत नाही. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची. ते भुयारी स्थानक ३३ मीटर खोल आहे, त्यामुळे सरकत्या जिन्यांवरच बरीच मिनिटं जातात. चालेल. मंडईत पार्किंग शोधण्यात याहून जास्त आयुष्य घालवलंय.

खरी गोम रामवाडीला उतरल्यावर. पुढे जेमतेम दीड किलोमीटर, पण नगर रस्ता ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो आणि फूटपाथ मध्येच गायब होतो. शेअर रिक्षा मिळाली तर मिळाली. एकट्याने केली तर मेट्रोच्या तिकिटापेक्षा महाग. जुलैत बूट-पँट भिजवून दोनदा ऑफिसला पोचलो आणि सरळ पंधरा दिवस कार काढली. मेट्रो तीच, वेळेवर धावणारी, पण हरलो ते त्या दीड किलोमीटरात. रामवाडीच्या पुढे वाघोलीकडे जाणाऱ्या मार्गाला २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली आहे. तो झाला तरी आतल्या गल्ल्या उरतातच. तिथे दर दहा मिनिटांनी फिरणारी छोटी बस आणि सलग फूटपाथ मिळाला, तर आमच्या ऑफिसातले निम्मे कारवाले हलतील. मेट्रोला नावं ठेवणारा त्यांच्यात एकही नाही, सगळ्यांचा प्रश्न एकच, “उतरल्यावर काय?”

ऑगस्टपासून रामवाडीहून चालतच जातो. बॅगेत मोठी छत्री आणि ऑफिसात चपलांचा जादा जोड.

कार विकलेली नाही. आईला दवाखान्यात न्यायला लागते. बॅटरी उतरू नये म्हणून दर रविवारी सोसायटीभोवती एक चक्कर मारून आणतो.