एव्हर्टनचं नवं मैदान: नऊ लीग सामन्यांनंतरचा हिशोब

हिल डिकिन्सन स्टेडियम, ब्रॅमली-मूर डॉक, लिव्हरपूल: इंग्लिश प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टन फुटबॉल क्लबचं नवं घर. 24 ऑगस्ट 2025 चा ब्रायटन सामना ते 20 डिसेंबरचा आर्सेनल सामना, एवढ्या काळातला हा अनुभव. पहिल्या दिवशी सगळंच नवं, चकचकीत आणि भारी वाटतं, त्या दिवसाच्या मतावर विसंबू नये. मैदान खरं कळतं ते डिसेंबरच्या संध्याकाळी संघ हरल्यावर, परतीच्या रांगेत.

घाईत असलेल्यांसाठी गुण आधीच देतो. खेळ दिसतो कसा: पाचपैकी पाच. आवाज: चार. पोहोचणं: तीन. परतणं: दोन, आणि तेही हात सैल सोडून.

दिसण्याबद्दल दुमत होणं कठीण आहे. आधीच्या मैदानाच्या, म्हणजे गुडिसन पार्कच्या, जुन्या स्टँडांमध्ये छताचे लोखंडी खांब प्रेक्षकांच्या मधोमध उभे होते. बुलन्स रोडच्या बाजूला चुकीचं आसन वाट्याला आलं की एक गोलपोस्ट दिसायचा आणि दुसरा शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून समजून घ्यायचा. इथे खांब नाहीत. दक्षिणेकडच्या 13,000 आसनांच्या स्टँडचा उतार जवळजवळ 35 अंशांचा आहे. इंग्लंडमध्ये बसायच्या स्टँडसाठी 35 अंश हीच वरची मर्यादा मानतात, म्हणजे वास्तुरचनाकारांनी दोरी शेवटपर्यंत ताणली आहे. पुढचा माणूस उभा राहिला तरी मागच्याला लांबच्या कॉर्नरचा झेंडा दिसतो. याची किंमत गुडघे मोजतात. वरच्या रांगांचं तिकीट काढताना सोबत वयस्कर कोणी असेल तर खालच्या रांगा बघा. मध्यंतरात खाली उतरून पुन्हा वर चढणं म्हणजे एखाद्या छोट्या गडाची चढण आहे, तीही मागून माणसं ढकलत असताना.

आणखी एक फरक सहज लक्षात येत नाही. गुडिसनचं मैदान लांबीला साधारण 100.5 मीटर होतं. इथलं 105 आहे. रुंदी दोन्हीकडे 68 मीटर. चार-साडेचार मीटर म्हणजे काही विशेष नाही असं वाटेल, पण बचावफळी आणि मधली फळी यांच्यातल्या फटी तिथेच वाढतात. गुडिसनमध्ये पहिली टॅकल बसली की सगळा स्टँड अंगावर यायचा आणि पाहुण्यांना श्वास घ्यायला जागा नसायची. इथे चांगल्या पासिंगच्या संघाला ती जागा मिळते. नऊ सामन्यांत चार जिंकले, दोन बरोबरीत सुटले, तीन हरले. टॉटनहॅमने 3-0 ने आणि न्यूकॅसलने 4-1 ने घरात येऊन झोडपलं. अर्थात टॉटनहॅमच्या व्हॅन डे व्हेनचे दोन गोल कॉर्नरवर डोक्याने झाले. त्याचं खापर मैदानाच्या लांबीवर फोडू नये.

आवाजाला चारच गुण का? दक्षिण स्टँड पेटला की छताखालून तो आवाज अक्षरशः मैदानावर सांडतो. 5 ऑक्टोबरला क्रिस्टल पॅलेसविरुद्ध एव्हर्टनच्या ग्रीलिशने भरपाईच्या वेळेत विजयी गोल केला, तेव्हा गुडिसनची आठवण काढणारेही दोन मिनिटं गप्प झाले असतील. अडचण आहे ती बाकीच्या तीन बाजूंची. गुडिसनची क्षमता 40,000 च्या आत होती आणि इथे 52,769 आहे. वाढलेल्या तेरा हजारांत नवे लोक आहेत, पर्यटक आहेत, महागड्या खानपान-पॅकेजवाले आहेत. त्यांना कोणत्या क्षणी काय गायचं हे ठाऊक नसतं आणि ते चार महिन्यांत येतही नाही. खेळाडू मैदानात येताना सायरन आणि जुनी धून वाजते तेव्हा सगळे उभे असतात. विसाव्या मिनिटाला 0-0 असताना मात्र दक्षिण सोडून शांतता पसरते. आर्सेनलही 2006 साली हायबरी सोडून एमिरेट्सला गेल्यावर हेच ऐकत होता.

तरी लंडनच्या वेस्ट हॅमची गत इथे झालेली नाही, हे ठणकावून सांगायला हवं. त्यांनी 2016 मध्ये अप्टन पार्क सोडलं आणि ऑलिंपिकच्या धावपट्टीसाठी बांधलेल्या मैदानात बिऱ्हाड थाटलं. गोलमागचा प्रेक्षक खेळापासून लांब गेला, आणि 2018 च्या मार्चमध्ये बर्नलीच्या सामन्यात मालकांवर चिडलेले लोक मैदानात घुसले. आपल्याकडे उलटा प्रवास झाला. मुंबई सिटी एफसी 2016 मध्ये नेरुळच्या भल्यामोठ्या डी. वाय. पाटील मैदानावरून अंधेरीच्या छोट्या क्रीडासंकुलात आली. आसनं कित्येक पटींनी घटली, पण क्रिकेटच्या गोल मैदानाची ती दरी संपली आणि गोवा किंवा मोहन बागान आले की सामना सामन्यासारखा वाटू लागला. एव्हर्टनने आसनं वाढवली तरी प्रेक्षकाला टचलाइनजवळच ठेवलं.

आता परतणं. जवळचं स्टेशन सँडहिल्स, मर्सीरेल या स्थानिक रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनवर, लिव्हरपूल सेंट्रलहून मूरफील्ड्स सोडलं की पुढचंच. चालायला पंधरा-वीस मिनिटं. येताना त्रास नाही, कारण गर्दी दोन-तीन तासांत विखरून येते. परतताना सगळे एकाच वेळी निघतात आणि गणित फसतं. सँडहिल्सला दोन रुळांच्या मध्ये एकच बेटासारखा प्लॅटफॉर्म आहे, तोही वर उचललेला. त्यावर माणसं एका मर्यादेपलीकडे सोडताच येत नाहीत, म्हणून खाली कठडे लावून रांग अडवून धरतात. चार डब्यांच्या एका गाडीत पाचशेच्या आत माणसं मावतात. दहा हजार लोकांनी रेल्वे धरायची म्हटली तर चार डब्यांच्या वीसहून अधिक गाड्या लागतील. दोन गाड्या जोडून आठ डबे केले तरी दहाच्या वर फेऱ्या होतातच. विरार लोकलची सवय असलेला माणूस म्हणेल, घुसायचं की! इथे घुसू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

त्यावर उपाय असे. शहराकडे जायचं असेल तर सँडहिल्स विसरा. रीजंट रोडवर आलात की दक्षिणेकडे वळा, ग्रेट हॉवर्ड स्ट्रीट धरा आणि सरळ मूरफील्ड्सपर्यंत चाला. रस्ता सपाट आहे, अर्धा तास लागतो. लाइम स्ट्रीट या मुख्य स्टेशनहून मँचेस्टर किंवा लंडनची गाडी असेल तर शेवटच्या शिटीनंतर दीड तासाच्या आतलं आरक्षण करू नका. उत्तरेकडे साउथपोर्टच्या दिशेने जाणाऱ्यांनी बँक हॉल स्टेशन बघावं. चालणं जास्त आहे, पण गर्दी निम्मी. गाडी घेऊन येण्याचा विचार सोडूनच द्या. सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या गल्ल्यांत रहिवासी परवान्याशिवाय गाडी लावता येत नाही आणि मैदानासमोरचा रस्ताही बंद असतो.

फोन पूर्ण चार्ज करून या. तिकीट फोनमध्येच असतं, ते घरून निघण्यापूर्वी वॉलेटमध्ये उतरवून घ्या. फाटकापाशी पन्नास हजार फोन एकाच वेळी नेट शोधत असतात. आत रोख पैसे चालत नाहीत. आणि वारा! पश्चिमेचा स्टँड थेट मर्सी नदीच्या काठावर आहे. आत बसल्यावर फार जाणवत नाही, पण बाहेरच्या प्लाझावर आणि परतीच्या रस्त्यावर तो कानात शिरतो. डिसेंबरमध्ये चार वाजायच्या आतच सूर्य मावळतो. कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट हवंच, नुसता क्लबचा मफलर पुरत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दुपारी उलटी तक्रार असते: पूर्वेच्या स्टँडच्या डोळ्यांत ऊन येतं. टोपी आणा.

मैदान बांधलंय मात्र मन लावून. जिथे आज हिरवळ आहे तिथे 1848 पासून जहाजांची गोदी होती. समुद्रातून उपसलेली सुमारे पाच लाख घनमीटर वाळू ओतून ती भरली. जुनी दगडी भिंत आणि पाण्याच्या दाबावर यंत्रं चालवणारं इंजिनघर तसंच ठेवलंय. विटांच्या भिंतींवर वास्तुरचनाकार आर्चिबाल्ड लीचच्या गुडिसनमधल्या त्या प्रसिद्ध तिरप्या जाळीची नक्षी आहे. या बांधकामाला परवानगी मिळाली त्याच वर्षी, 2021 मध्ये, लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारसा दर्जा युनेस्कोने काढून घेतला, आणि कारणांत हे मैदानही होतं. पडीक गोदी ओसाड ठेवून वारसा जपला जातो हे मला पटत नाही, पण विरोधकांचा मुद्दा पोकळ नव्हता.

राहिला लाल जर्सीच्या शेजाऱ्यांचा, म्हणजे लिव्हरपूल एफसीचा, प्रश्न. एव्हर्टन मुळात आज लिव्हरपूलचं मैदान असलेल्या अ‍ॅनफिल्डवरच खेळायचा. 1892 मध्ये जागामालक जॉन होल्डिंगशी भाड्यावरून वाजलं, क्लब स्टॅन्ले पार्क ओलांडून गुडिसनला गेला, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने लिव्हरपूल एफसी उभा केला. म्हणजे या वैराचा जन्मच एका मैदानबदलातून झाला. गुडिसन उघडलं 24 ऑगस्ट 1892 ला. नव्या मैदानावरचा पहिला लीग सामनाही 24 ऑगस्टलाच, 133 वर्षांनी. मधल्या काळात किंग्ज डॉक, मग शहराच्या हद्दीबाहेरचं कर्कबी, मग वॉल्टन हॉल पार्क, असे नव्या मैदानाचे बेत एकामागून एक कोसळले आणि पलीकडच्या लाल गल्लीत दर वेळी हशा पिकला. गुडिसनवरच्या 120 डर्बींचा, म्हणजे या दोघांतल्या सामन्यांचा, हिशोब 41 विजय एव्हर्टनचे, 41 लिव्हरपूलचे, 38 बरोबरीत, असा सुटला. शेवटच्या डर्बीत, फेब्रुवारी 2025 मध्ये, एव्हर्टनच्या टार्कोव्स्कीने भरपाईच्या वेळेत 2-2 केली नसती तर पारडं कायमचं लाल झालं असतं.

गेलं ते एवढंच: बागेच्या एका टोकाला निळे, दुसऱ्या टोकाला लाल, मध्ये मैलभराहूनही कमी अंतर. एकाच घरातले दोन भाऊ दुपारी एकत्र निघून बागेत वेगळे व्हायचे. आता अ‍ॅनफिल्ड दोनेक मैलांवर आहे आणि मध्ये बाग नाही, गोदामं आहेत. गुडिसन पाडलं नाही, तिथे महिला संघ खेळतो, ही मात्र क्लबची या सगळ्यातली सर्वांत शहाणी चाल.

मँचेस्टर युनायटेडच्या एक लाख आसनांच्या नव्या मैदानावर वाद घालणाऱ्या मराठी मंडळींनी छत्रीसारख्या छताची चित्रं बाजूला ठेवावीत आणि स्टेशनचा आराखडा मागावा. इथे 53,000 लोकांना बाहेर पडताना जे होतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट करून बघा.

 नव्या मैदानावर डर्बी बघायला येणार असाल तर लक्षात ठेवा, पाहुण्यांचा कोटा साधारण 3,000 तिकिटांचा असतो, त्यांची जागा उत्तर बाजूला आहे आणि पाहुण्यांच्या तिकिटाला 30 पौंडांची मर्यादा आहे. घरच्या भागात लाल जर्सी घालून बसू नका, बाहेर काढतात. सामना संपल्यावर सँडहिल्सच्या कठड्यांमध्ये लाल-निळे एकाच रांगेत असतील. त्या दिवशीही मूरफील्ड्सपर्यंत चालत जाणाराच आधी घरी पोहोचेल.